गुरुजींच्या नावापुढची अक्षरे

घरात लग्नपत्रिका आली की ती तीन प्रकारांनी वाचली जाते. कोणी आधी मुहूर्त पाहते, कोणी निमंत्रकांच्या यादीत आपले नाव शोधते, आणि कोणीतरी चष्मा सावरून वधूवरांच्या नावांपुढची अक्षरे वाचते. या अक्षरांवर आपला भारी विश्वास! परंतु हाच चौकस स्वभाव शाळेच्या दाराशी मात्र दोन तऱ्हांनी वागतो. आपल्या मुलाला शहरातल्या शाळेत घालताना तिथले शिक्षक किती शिकलेले आहेत, हे आपण खोदून खोदून विचारतो. आणि गोष्ट एखाद्या आडवळणी खेड्यातल्या शाळेची निघाली की तेच आपण मान डोलावून म्हणतो, ‘‘पदवीचे काय घेऊन बसलात? शिकवायला तळमळ लागते, तळमळ!’’

दोन्ही वाक्ये एकाच तोंडातून निघतात, आणि मौज अशी की दोन्ही मनापासून निघतात. शिक्षकाने स्वतः किती शिकलेले असावे, हा प्रश्न वरवर पाहता शिक्षणखात्याच्या परिपत्रकाचा आहे. पण त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो : कोणाच्या मुलासाठी? तो बाहेर काढला की विषय खात्याचा राहत नाही, नीतीचा होतो.

विचाराला काहीतरी जमीन हवी म्हणून मी नगर जिल्हा घेतो. २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. जुन्या गोष्टी सांगताना तोंडात नगरच येते, ते वाचकांनी चालवून घ्यावे. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला हा सर्वांत मोठा जिल्हा. तालुके १४. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाईचे शिखर, घाटघर-रतनवाडीचा धो धो पाऊस, महादेव कोळी आणि ठाकर यांच्या वाड्या. उत्तरेला प्रवरा आणि गोदावरी यांच्या कालव्यांवर पोसलेला ऊस. दक्षिणेला पाथर्डी, कर्जत, जामखेडचे कोरडे माळ, जिथे ढग येतात ते बहुधा पुढे जाण्यासाठीच. एकाच जिल्हा परिषदेच्या छत्राखाली असे तीन निरनिराळे मुलूख नांदतात. शिक्षक किती शिकलेला आणि कोठे नेमलेला, हे पाहायला याहून चांगली जागा मिळायची नाही.

जुन्या काळी खेड्यातली शाळा म्हणजे पंतोजींची शाळा. धूळपाटी, मोडी अक्षर, पावकी-निमकी आणि छडी. पंतोजीला किती यावे हे कोणी ठरवलेले नव्हते; गावाला कुळकर्ण्याच्या दप्तरापुरते आणि वाण्याच्या वहीपुरते शिक्षण हवे असे, तेवढे त्याला येई. इंग्रजी अमदानीत खाते आले, परीक्षा आल्या, ट्रेनिंग कॉलेजे आली, आणि गुरुजींच्या नावापुढे अक्षरे उगवू लागली. ‘व्ह. फा.’ म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, मराठी सातवी. ती पास झालेला पोरगा शेतावरून उठून शाळेच्या खुर्चीत बसे. जमले तर पुढे ‘ट्रेंड’ होई, नाहीतर जन्मभर ‘अनट्रेंड’ राही. स्वातंत्र्यानंतर पी.टी.सी., मग डी.एड. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने प्राथमिक शिक्षकही शालान्त शिक्षण पुरे केलेला आणि वर दोन वर्षे प्रशिक्षण घेतलेला असावा, असे सांगितले. २०१० पासून बारावी आणि दोन वर्षांची पदविका ही देशभर पहिली ते पाचवीच्या शिक्षकाची किमान अट झाली, आणि तिच्यावर शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आली. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा २०१३ मध्ये झाली.

ही चढण सगळे तालुके बरोबरीने चढले नाहीत. शिक्षक काही आकाशातून पडत नाही. तो जवळच्याच शाळा-कॉलेजातून तयार होतो. नगर शहरात मिशनच्या शाळा एकोणिसाव्या शतकापासून होत्या. १९४७ मध्ये तिथे अहमदनगर कॉलेज निघाले. प्रवरेच्या पाण्यावर ऊस फोफावला, १९५० च्या सुमारास लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि कारखान्यापाठोपाठ शिक्षणसंस्था आल्या. आधी पाणी, मग ऊस, मग पैसा, मग कॉलेज आणि शेवटी शिक्षक, अशी ही साखळी. पाटाचे पाणी जिथे पोचले नाही तिथे ती पहिल्याच कडीला तुटली. त्या दिवसांत शिक्षकांच्या शिक्षणाचा नकाशा कोणी काढला असता, तर तो पाटबंधारे खात्याच्या नकाशाशी बराचसा जुळला असता, असे मला वाटते. पुढे कोरड्या तालुक्यांनी यावर आपल्या परीने तोड काढली. शेतीचा भरवसा नाही तेव्हा पोराला मास्तर करा, म्हणून तिथल्या कितीतरी घरांनी जमिनीचा तुकडा विकून मुलामुलींना डी.एड. केले. नोकरभरती आटली तेव्हा त्या घरांचे काय झाले, ही वेगळीच आणि दुःखाची गोष्ट आहे.

सातवी शिकलेले ते जुने गुरुजी आपल्या आठवणींच्या पुस्तकांतून फार गोड दिसतात. ते गावातच राहत. पुष्कळ खेड्यांत शाळामास्तर हेच पोस्टमास्तरही असत. पत्र तेच देत, वाचूनही तेच दाखवीत, आणि तार आली की आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून बाया रडायला लागत. स्वतः कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून बाहेरून एस.एस.सी.ला बसलेले, आणि कधीकधी आपल्याच जुन्या विद्यार्थ्याबरोबर एका बाकावर पेपर लिहिलेले गुरुजी काही थोडेथोडके नव्हते. या माणसांना कमी लेखण्याचे मला कारण नाही. पण या सगळ्या गोडव्यात एक खोट आहे. त्या आठवणी लिहिल्या कोणी? जे त्या शाळेतून तरले आणि पुढे गेले, त्यांनी. दुसरीत अक्षर लागले नाही म्हणून जे गुरांमागे गेले, ज्यांना गुरुजींनी तळमळीने शिकवले पण कसे शिकवावे हे गुरुजींनाच कोणी सांगितले नव्हते, त्यांच्या आठवणी दिवाळी अंकात छापून येत नाहीत.

तेव्हा तळमळ ही शिक्षणाच्या बदली चालते काय, हा प्रश्न सरळच विचारला पाहिजे. आणि त्याचा दाखला शोधायला नगरच्या वेशीबाहेर जायलाही नको. सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन मिशनच्या एक बाई १८२७ मध्ये मुंबईस आल्या आणि १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या. जोतीराव फुल्यांनी त्या शाळा पाहिल्या आणि पुण्यास परत जाऊन मुलींची शाळा काढली, असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले ते याच फरारबाईंकडे नगरला, आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. ज्या काळी बाईने अक्षर ओळखणे हेच पाप, त्या काळी एक तरुण बाई केवळ वाचायला शिकून थांबत नाही, शिकवायचे कसे हे शिकायला जाते! सावित्रीबाईंच्या तळमळीविषयी शंका घेणारा माणूस सापडायचा नाही. अंगावर शेण आणि माती झेलून शाळेत जाणारी ती बाई. तिला आणि तिच्या नवऱ्याला काही आपली तळमळ पुरेशी वाटली नाही.

जोतीरावांनी हा विचार पुढेही सोडला नाही. १८८२ च्या ऑक्टोबरात त्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात प्राथमिक शिक्षकांविषयीचा मजकूर मुळातून वाचण्यासारखा आहे. ते म्हणतात, शिक्षकांपैकी थोडेच ट्रेनिंग घेतलेले, बाकीचे तसेच; पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर, आणि त्यांचे स्वतःचे ज्ञानही तुटपुंजे. मग ते मागतात काय? शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील, आणि प्रसंगी नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्यांना लाज वाटणार नाही. त्यांना रीतसर प्रशिक्षण मिळावे, आणि त्यात शेतीचे व आरोग्याचेही प्राथमिक ज्ञान असावे. पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत पंधरा-वीस असावा. गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदणे, टपाल सांभाळणे अशी कामे त्यांच्याकडे दिली तर गावात त्यांचा मानही वाढेल.

यात तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत : शिकवण्याचे शिक्षण, पोटापुरता पगार आणि गावाशी नाते. जोतीराव त्यांतली एक घ्या आणि दोन सोडा, असे कोठेच म्हणत नाहीत. आपण मात्र गेली सव्वाशे-दीडशे वर्षे नेमके तेच करीत आलो. भाऊराव पाटलांचा अपवाद करावा लागेल. १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले, कारण खेड्यात राहणारा आणि तरीही शिकून तयार झालेला मास्तर आयता मिळत नाही, हे त्यांना ठाऊक होते. सरकारच्या हिशेबात मात्र तीनपैकी काहीतरी नेहमी शिलकी राहिले.

२००० सालच्या सुमाराची गोष्ट पाहा. शाळेपासून दूर पडलेल्या वाड्यावस्त्यांवर वस्तीशाळा निघाल्या. कल्पना चांगली होती. अकोल्याच्या डोंगरातल्या किंवा पारनेर-संगमनेरच्या पठारावरच्या एखाद्या वस्तीतलाच थोडाफार शिकलेला तरुण घेतला, त्याला अगदी किरकोळ मानधन ठरवले, आणि तो झाडाखाली, देवळाच्या ओट्यावर, मिळेल तिथे मुले जमवू लागला. गावाशी नाते पुरेपूर; शिक्षण आणि पगार मात्र नाही. पुष्कळांनी पुढे नोकरी सांभाळून डी.एड. पुरे केले, आणि २०१४ मध्ये त्यांना नियमित शिक्षक म्हणून घेतले गेले. पण मधल्या काळात पहिली ते चौथी होऊन जी मुले निघून गेली, त्यांची चौथी काही कोणी नियमित केली नाही. त्याच सुमारास शिक्षणसेवक योजना आली. तिच्यातला तरुण रीतसर शिकलेला, पण पहिली तीन वर्षे मानधन महिना तीन हजार रुपये. जोतीरावांच्या बारा रुपयांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आणखी एक दृश्य याच दिवसांतले. आपण इकडे फराळाची ताटे फिरवीत असतो त्या सुमारास पाथर्डी-जामखेडकडच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बैलगाड्यांत आणि ट्रॅक्टरवर संसार, त्यावर कोंबडी, त्यावर मुले. त्यांतल्या काही टोळ्या याच जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या कारखान्यांवर जातात. या मुलांसाठी कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, तिथेही शिकवायला हंगामापुरता नेमलेला कोणी पोरगेलासा मास्तर. दक्षिणेतले मूल उत्तरेतल्या उसाच्या फडात येते. पण उत्तरेतला चांगला शिकलेला शिक्षक तिथेही त्याच्या वाट्याला येत नाही. मुलूख बदलला तरी त्याचा वाटा बदलत नाही.

येथे कोणी विद्वान मला अडवतील आणि जोसेफ जाकोतोचे नाव घेतील. हा फ्रेंच गृहस्थ १८१८ मध्ये लूव्हेनच्या विद्यापीठात शिकवत होता. विद्यार्थ्यांना फ्रेंच येईना, याला त्यांची फ्लेमिश येईना. याने एक द्विभाषी पुस्तक त्यांच्या हाती दिले आणि सांगितले, तुमचे तुम्ही ताडून पाहा. विद्यार्थी फ्रेंच लिहू लागले! यावरून त्याने सिद्धान्त काढला की स्वतःला जे येत नाही तेही माणूस शिकवू शकतो. गोष्ट खरी आहे आणि मला ती आवडतेही. परंतु ती मुले विद्यापीठातली होती. त्यांना वाचता येत होते, बसायला वेळ होता, पुढे पुस्तक होते. घरी ठाकरी बोली बोलणारे सहा वर्षांचे पोर पहिल्यांदा शाळेत येते, त्याला फळ्यावरची भाषाही नवी आणि अक्षरही नवे. त्याला जाकोतो काय देणार? त्या पोराची बोली आणि फळ्यावरची मराठी यांच्यामध्ये साकव घालणारा माणूस लागतो, आणि ही कला जन्मतः कोणाला येत नाही. माझे तर म्हणणे असे की सगळ्या शिक्षणात पहिलीचा वर्ग सर्वांत अवघड आहे. आपली उतरंड मात्र उलटी : कॉलेजला जास्तीत जास्त शिकलेला, पहिलीला कमीत कमी शिकलेला. फिनलंडसारख्या देशाने १९७० च्या दशकातच ही उतरंड मोडली. तिथे पहिलीला शिकवणाऱ्यालाही एम.ए.च्या तोडीची पदवी लागते.

दुसरे कोणी म्हणतील, मग अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे? शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंना गावठी बियाणे जतन केल्याबद्दल २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. शेतकीच्या पदव्या घेतलेली माणसे त्यांच्याकडून वालाचे न् भाताचे वाण समजून घेतात. हा दाखला फार चांगला आहे, पण तो कशाचा? राहीबाईंना पदवी नाही. शिक्षण मात्र पुष्कळ आहे. बापाकडून ऐकलेले, हाताने पेरलेले, वर्षानुवर्षे पारखलेले. त्यांच्या नावामागे लपून एखाद्या वाडीला अर्धवट तयारीचा मास्तर पाठवणे, हा राहीबाईंचा सन्मान नव्हे.

आता निदान अक्षरांपुरती विषमता गेली आहे. आज जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्याने येणाऱ्याला राहात्याला जी पात्रता लागते तीच जामखेडला लागते. पदव्यांचा नकाशा सपाट झाला. मग प्रश्न सुटला काय? तो जागा बदलून बसला. २०१७ च्या शासननिर्णयापासून शिक्षकांच्या बदल्यांसाठी गावांचे दोन भाग पाडले जाऊ लागले : ‘सर्वसाधारण क्षेत्र’ आणि ‘अवघड क्षेत्र’. अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढली की बाहेर पडण्याचा हक्क मिळतो. व्यवस्था म्हणून यात अन्याय नाही. कोणा एकालाच डोंगरात कुजवू नये हे बरोबरच आहे. पण शब्द पाहा. ज्या गावात मूल जन्मते, खेळते, दिवाळीला आकाशकंदील लावते, ते गाव त्याच्या गुरुजींच्या कागदावर ‘अवघड’ म्हणून लिहिलेले असते. आणि मूल ओळखीचे होऊ लागते तोवर गुरुजींची तीन वर्षे भरत आलेली असतात. शिवाय सायंकाळी गुरुजींची मोटारसायकल तालुक्याच्या गावाकडे वळते. गुरुजींनी नेमणुकीच्या गावी राहावे की नाही, यावर पुष्कळ कडवट वाद झाले आहेत. त्यात मी गुरुजींना एकट्याला दोषी धरणार नाही. त्यांना गावात पक्के घर नाही, त्यांच्या स्वतःच्या मुलांना पुढची शाळा नाही, आणि म्हातारी आई आजारी पडली तर डॉक्टर नाही. तरीही हिशेब मांडला तर एवढेच निघते की पूर्वी नाते होते आणि शिक्षण नव्हते, आता शिक्षण आणि पगार आहे तर नाते सुटले. तिन्ही एका वेळी द्यायची वेळ काही अजून आलेली नाही.

अशा स्थितीत १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. शिक्षणहक्काचा कायदा येण्यापूर्वी नेमलेल्या, आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, नाहीतर नोकरी सोडावी. पाचाहून कमी वर्षे उरलेल्यांना मुभा, पण बढती हवी असेल तर परीक्षा आहेच. शिक्षकांत खळबळ उडाली ती साहजिक होती. वीस-पंचवीस वर्षे ज्याने शिकवले, ज्याला सरकारनेच आपल्या त्या वेळच्या अटींवर नेमले, त्याला पंचेचाळिशीत पुन्हा बाकावर बसायला सांगायचे, आणि नापास झाला तर घरी पाठवायचे? वचन देणाऱ्याने मागाहून वचनाची कलमे बदलावीत, तसे हे झाले. ही तक्रार मला खरी वाटते.

पण ती खरी मानूनही मी पुढे असे म्हणेन की शिक्षकावर झालेल्या अन्यायाची भरपाई मुलाच्या खात्यातून करता येत नाही. शिक्षकाचे शिक्षण हा मुलाच्या हक्काचा ऐवज आहे. गुरुजींना स्वतःला पुन्हा शिकावे लागणे यात मानहानी कसली? कंदिलाखाली बसून एस.एस.सी. होणाऱ्या गुरुजींची आपण आरती ओवाळतोच की! त्यांच्यात आणि आजच्यांत फरक एवढाच की त्यांच्या मानेवर तारीख नव्हती. तारीख घालणाऱ्या सरकारने बरोबर अभ्यासाची रजा, शिकवणारी माणसे आणि दोन-तीन वेळा बसण्याची मोकळीक द्यायला हवी; आणि जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी या कामांतून तेवढा काळ गुरुजींना सोडवायला हवे.

जोतीरावांच्या त्या निवेदनात एक पोटवाक्य आहे, ते सहज नजरेतून निसटते. अप्रशिक्षित शिक्षकांच्या जागी प्रशिक्षित नेमावेत, असे सांगताना ते म्हणतात : पूर्णपणे कार्यक्षम असतील ते वगळून. इतका कडक माणूस, पण त्याने ही एक फट मुद्दाम ठेवली. मात्र कोण कार्यक्षम हे ठरवायचे तर कोणीतरी त्या शिक्षकाच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसले पाहिजे. एक दिवस नव्हे, चांगले आठवडाभर. परीक्षा घेणे त्या मानाने स्वस्त पडते. एका रविवारी हजारो उत्तरपत्रिका गोळा होतात आणि कोणालाही डोंगर चढावा लागत नाही. नगर जिल्ह्यासाठी शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, ती संगमनेरला. अकोले शेजारचाच तालुका. संगमनेरहून घाटघरला जायला रस्ता आहे. पावसाळ्यात तो फार बरा नसतो, हे मात्र खरे.